डावीला कोण, उजवीला कोण

मूर्खपणा आधी कबूल करते. बेचाळीस बायकांची मासळी वाळवायची जागा मी एका बटणाने घालवली. भरतीने नेली नाही, वादळाने नेली नाही. मी घालवली. डोक्यात अबोलीचा गजरा घालून, ऐटीत.

आमची कोळीवस्ती थळच्या बाजूला. सुकट-बोंबील वाळवायचं खळं वाळूपासून सुरूच्या झाडांपर्यंत. त्या खळ्याला कधी कागद नव्हता. सासूने नव्या सुनेला हाताला धरून न्यायचं, समुद्राकडे तोंड करून उभं करायचं आणि सांगायचं, तुझ्या डावीला कोण, उजवीला कोण. झाली नोंद.

मग तिथे गाड्या उभ्या करायला मैदान होणार असं कळलं. पाहणीचे सरकारी साहेब म्हणाले, खळं वापरणाऱ्या बायकांची यादी द्या. टाईप केलेली. नाव आणि आम्ही ठोकलेल्या खुंटीवरचा जागेचा नंबर. पाहणीत जुळलं तर खळं तुमचं.

मी तेव्हा पन्नाशीची, सातवी पास, बायकांच्या मंडळाची सचिव. वहीत सगळं लिहून काढलं. कॉम्प्युटर होता किहीमच्या एका वाडीवाल्या मास्तरांकडे. नारळाची वाडी, शिकलेलं घर. तीस वर्षं मी त्यांच्या मागच्या दारी मासळी देत होते. त्यांनी पडवीत बसायला दिलं. खुर्चीवर नाही, स्टुलावर. आधी हात धुवायचे, साबण वेगळा. आणि मी आले की कीबोर्डवर प्लास्टिक घालायचं. गेले की ते धुवून वाळत टाकायचं.

"वास बसतो गं," मास्तर म्हणाले. "तुला नाही कळणार. तुला सवय आहे."

मी काय केलं? हसले. मला मेलीला वाटलं, केवढा हा मान! माझ्यासाठी कीबोर्डला खास रेनकोट! घरी येऊन हिरूला कौतुकाने सांगितलं. हिरू आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या वस्तीत आलो. खळ्यावर ती माझ्या उजवीला. नवरा लवकर गेला, बोंबलांवर तिने दोन मुली वाढवल्या.

ती म्हणाली, "मंग तुला पन एक रेनकोट घालायचा व्हता. तोंडावर."

मला राग आला. जळते मेली, म्हटलं.

आठ दिवस एका बोटाने टाईप केलं. शेवटच्या दिवशी वहीची पानं फाडून त्यात गिऱ्हाइकांना सुकट बांधून दिली. आता कॉम्प्युटरात आहे ना सगळं, वही कशाला? किती हुशार बाई!

तेवढ्यात मास्तर आतून ओरडले, "नावं अकारविल्ह्याने लाव. साहेब हसतील नाहीतर."

नावांचा रकाना धरला आणि बटण दाबलं. मध्येच एक चौकट आली. इंग्रजीत काहीतरी विचारत होती. मास्तर आत चहा पीत होते. विचारता आलं असतं. लाज वाटली. न वाचताच त्यातलं एक काहीतरी दाबलं. नावं 'अ'पासून 'ह'पर्यंत शिस्तीत उभी राहिली. नंबर मात्र होते तिथेच राहिले. नाव एकीचं, जागा दुसरीची. मला पत्ताच नाही. फाईल ठेवून दिली, कागद छापला, बायकांच्या सह्या घेतल्या. कुणी वाचलं नाही. मी केलंय म्हटल्यावर वाचायचं काय?

पाहणीच्या दिवशी साहेबांनी पहिलं नाव पुकारलं. बाई भलत्या नंबरवर. दुसरी, तीही भलत्याच. मग हिरू.

"ही सही तुमचीच ना?"

"व्हय."

"मग इथे कशा उभ्या?"

"सायेब, मी हितंच हाय. तीस वर्सं हितंच हाय."

"कागदावर तुम्ही इथे नाही."

मी हात जोडले. चूक माझी आहे म्हटलं, तोंडी विचारा म्हटलं, प्रत्येकीला आपली शेजारीण ठाऊक आहे म्हटलं. तोंडी चालत नव्हतं. पहिली वही सुकटीबरोबर लोकांच्या घरी गेली होती. मास्तर साहेबांच्या बाजूला उभे होते, पांढऱ्या कपड्यांत.

"मी म्हटलंच होतं," ते म्हणाले. "मासळी निवडायचे हात. त्यांना ही कामं द्यायचीच कशाला?"

सगळे हसले. खरं सांगू? मीही हसले. सवयीने.

'वापर सिद्ध होत नाही' असं लिहून गेले. पुढच्या हंगामाला खळ्यावर रोलर फिरला. हिरू शीतगृहात कोळंबी सोलायला जाऊ लागली. दिवसभर बर्फात हात. बोटं वाकडी झाली. माझ्याशी बोलायची थांबली ती थांबलीच. शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

बऱ्याच वर्षांनी माझी सून घरी जुना लॅपटॉप घेऊन आली. त्यात तिने एक मोफत सॉफ्टवेअर घातलं. सगळं मराठीत. आणि म्हणाली, "आई, याचा आतला कोडसुद्धा उघडा आहे. कुणीही बघावा."

मी कल्ला उचलून आत लाल आहे का बघितल्याशिवाय मासळी घेत नाही. म्हटलं, मग इतकी वर्षं आम्ही झाकलेली मासळी का घेत होतो गं?

गंमत म्हणून दहा नावं टाईप केली. एक रकाना धरला. बटण दाबलं. तीच चौकट आली. या वेळी मराठीत. शेजारचे रकानेही सोबत लावायचे का?

एवढंच विचारत होती ती. एवढंच.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हिरूची बोटं त्या एका ओळीत गेली. मास्तर ती ओळ वाचू शकत होते. दहा पावलांवर बसले होते. आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं तर वास येईल असं वाटलं.

यंदा मास्तरांचा निरोप आला. मैदानामागे आमची एक चिंचोळी पट्टी उरली आहे, आता तिचीही पाहणी निघाली. गेले. पडवी तीच, स्टूल तेच.

"या वेळी तू हात लावू नकोस. तू सांग, मी टाईप करतो. पापलेट आणलंस?"

मी कीबोर्डवरचं प्लास्टिक काढलं. नीट घडी केली. त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"यादी आमची आम्ही करू, मास्तर."

"कशावर? सॉफ्टवेअर काय पाटीत मिळतं?"

"मिळतं. आणि ते कल्ला उचलून बघू देतात."

पापलेट परत घेऊन आले.

मग सुनेकडून कोड लिहायला शिकले. "आई, कंस बंद करा." म्हटलं, तुझ्या सासऱ्यांचं तोंड चाळीस वर्षांत बंद झालं नाही, कंसाचं काय घेऊन बसलीस. पण केला बंद. चार महिने लागले. प्रोग्राम छोटाच आहे. प्रत्येक बाईने स्वतः सांगायचं, डावीला कोण, उजवीला कोण. माझ्या उजवीला हिरू असेल तर हिरूच्या डावीला मी असायलाच हवी. नसले तर प्रोग्राम बोंब मारतो, 'जुळत नाही, जाऊन विचारा.'

सगळ्यांचं जुळलं. एकच ओळ रोज येत राहिली. 'हिरू: उत्तर नाही.'

शीतगृहातून आली की त्या पट्टीवरही ती माझ्याच उजवीला वाळवते. पाठ करून. तिचं उत्तर मला ठाऊक होतं. भरलं नाही. सून म्हणाली, भरून टाका, उद्या यादी द्यायचीय. नाही म्हटलं. दुसरीची जागा माझ्या बोटाने एकदा लिहिली तेवढी पुरे. यादी अपुरी जाईल, मला परत हसतील, हसू देत. पण तिच्या तोंडून आल्याशिवाय ती ओळ भरणार नाही.

दुपारी हिरू दारात. कुणीतरी सांगितलं असणार. हातपाय न धुता आत आली, माझ्याच खुर्चीवर बसली आणि वाकडी बोटं थेट कीबोर्डवर ठेवली. बोंबलाचा वास घरभर. मी काही बोलणार, तर मला थांबवून म्हणाली,

"माफी मागू नको, मी देनार न्हाय. कसं लिवतात ते दाखव मला. उद्या तू मेलीस तर मी काय परत त्या मास्तरच्या पडवीत जाऊ?"