रोवणीतलं पाणी आन् प्यायचं पाणी

नागभीडच्या दवाखान्यात डॉक्टरबाईनं रिपोर्ट वाचला न म्हणाली, "तुम्हाला सिकल सेल आहे. एसएस पॅटर्न." पहिले मले काईच समजलं नाई. समजलं तसा असा राग आला का विचारू नका. लहानपणापासून माह्या हातापायात कळा येत. माय म्हणे वात आहे. सासू म्हणे, कामाच्या दिवसातच बरा वात येते इले. आन् हा रोग जन्मापासून रक्तात बसून होता.

मले समजलं तसं सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल पाह्यजे. माह्या त्या धान कापायच्या इळ्यासारख्या वाकड्या होतात न बारक्या नसात अडकतात. जिथी अडकल्या तिथी रक्त पोचत नाई, तिथी दुखते. या दुखण्याले क्रायसिस म्हणतात. एसएस म्हणजे मायकडून न बापाकडून, दोघाइकडून दोष आला. त्याइले काई त्रास नसते, म्हणून ठाऊकही नसते. मायवर भडकू नका.

माहा क्रायसिस भर रोवणीत आला. आमची बायांची टोळी आज हिच्या बांधीत, म्हंजे धानाच्या वावरात, उद्या तिच्या बांधीत धान लावते. सगळ्या एका ओळीत वाकून मागंमागं सरकतात. मधातच कोनी लघवीले निघाली का तिची जागा बाजूच्या बाईले लावा लागते, मंग ती दिवसभर टोमणे मारते. आन् जाणार कुठी? बांधावर रोपं घेऊन गडीमाणसं उभे. म्हणून सकाळच्या चहानंतर आम्ही पाणीच पीत नाई. घोटाभर चिखलात दिवसभर उभ्या, न घशाले कोरड. हे कोनी शिकवत नाई, सगळ्या तसंच करतात.

त्या दिवशी मांडीतून न कमरेतून अशी कळ गेली का मी चिखलातच बसली. सासू म्हणाली, उठ, लोक पाहून राह्यले. आमच्या ह्यांनी उचलून गाडीवर टाकलं. दवाखान्यात मी ओरडत होती तर एक नर्स म्हणे, बाळंतपण आहे का एवढं ओरडायले. त्या नर्सले मी अजून माफ केलं नाई.

सलाईन लागलं, दुखण्याचं इंजेक्शन झालं, रक्त तपासायले गेलं. डॉक्टरबाईनं मंग साफ सांगतलं, "पाणी कमी पडलं की या पेशी जास्त अडकतात. थंड पाण्यात उभं राहायचं नाही, तहान लागायची वाट पाहायची नाही. पुढच्या वेळी छातीत अडकलं तर जीव जाऊ शकतो." हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यानं क्रायसिस कमी येतात, पण रक्त तपासत राहा लागते न मनानं बंद करता येत नाई.

घरी ह्यांनी आपल्या मायपुढं हात जोडले, म्हणे तिच्यावर दया कर. माह्या अंगाचा तिळपापड झाला. मी का भिकारी आहे? सासूनं एकच सांगतलं, रोवणीले जा लागन.

दवाखान्यात समजावून सांगणारी एक ताई होती. पुढच्या तपासणीले गेली तवा तिच्यापुढं मी सासूले शिव्या घातल्या. तिनं ऐकून घेतलं न म्हणाली, "तिले कायची भीती आहे, ते विचारलं का?" मरून मी राह्यली न भीती तिची विचारू? बसमध्ये सगळा रस्ता मी धुसफुसत आली. पण विचारलं.

सासू शेंगा सोलून राह्यली होती. हातातली शेंग सुपात टाकली न म्हणाली, "आपल्या घरची बाई गेली नाई तर आपल्या बांधीत कोन येईन? तुह्यं दुखणं मले दिसत नाई वं. पडीत बांधी दिसते."

राग तर आलाच. पण नाटक करते, असं म्हणायचं तिनं पहिल्यांदाच टाळलं. मी म्हटलं, पाण्यात उतरत नाई, पण टोळीचं काम करते. बांधावर सगळ्याइचे लेकरं सांभाळते, सैपाक करते, पाणी पाजते. आपली पाळी चुकत नाई.

सासू मले घेऊन टोळी चालवणाऱ्या शेवंताबाईकडं गेली, टोळीतल्या बायाही तिथी बसून होत्या. लेकराइचं तिले पटलं, पाण्याचं नाई. म्हणे, पाणी पेल्या का साऱ्या बाया काठावरच बसतीन. माहा आवाज चढला. मी विचारलं, पाणी न पेल्यानं लघवीले आग कोनाकोनाची होते? पहिले एकीनं मान हलवली, मंग दुसरीनं. शेवटी शेवंताबाई म्हणाली, "माही तर सालोसाल होते." तिथंच ठरलं. एक बांधी झाली का सगळ्याइनं सोबत वर यायचं, पाणी प्यायचं, पळसाच्या झाडाइले लुगडं बांधून आडोसा करायचा. कोनाची जागा मागं राहणार नाई.

मले अजूनही कळा येतात, पण चिखलात पडायची पाळी आली नाई. त्या ताईचे उपकार मी विसरत नाई. तुमच्या घरी कोनाचे हातपाय असे दुखत असतीन तर रक्त तपासा, न दुखणाऱ्या बाईले खोटी म्हणू नका.

पहिल्या दिवशी आम्ही आडोशाले निघालो तर शेवंताबाईचा दीर बांधावरून ओरडला, "रोवणी कराले आल्या का मुताले?"

माही सासू चिखलातून वर आली, माह्या हातातला गडवा घेतला, घटाघटा पाणी पेली न म्हणाली, "दोन्ही कराले आलो भाऊ. तू तिकडं तोंड कर."