पोटभर जगलेले दाजी

ताईचा फोन आला तेव्हा मी वाकडला ऑफिसात होतो. मी कामात असताना ती कधी फोन करत नाही, म्हणून मीटिंगमधून उठून बाहेर आलो. "संजू, दाजी गेले," ती म्हणाली. आणि मग हळूच, "नाष्टा करून गेले रे. उपाशी नाही गेले." सकाळी बशीभर पोहे खाल्ले, वर चहा घेतला, खुर्चीत मागे टेकून बसले आणि हृदय थांबलं. त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता दीड महिना होत आला. या दिवसांत काळेवाडीच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस दाजींबरोबर कुठेतरी काहीतरी खाल्ल्याची आठवण घेऊन आला. कुणी कंपनीच्या कॅन्टीनमधली, कुणी लग्नाच्या पंगतीतली. डोळे पुसता पुसता लोक हसत होते, आणि हसल्याबद्दल ताईकडे बघून ओशाळत होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान, दिगंबर वाघमारे. मूळचे लातूरकडचे. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागले आणि काळेवाडीत दोन खोल्या घेऊन राहिले. कॉलेजसाठी मी गावाहून आलो तो त्यांच्याकडेच. दाजी शिफ्ट संपवून घरी आले की दारात चपला काढता काढता विचारायचे, "जेवलास का?" हा प्रश्न सगळेच विचारतात, पण दाजींना उत्तर हवं असायचं. भाजी कसली होती, लसूण जळला नव्हता ना, भाकरी ताजी होती का सकाळची… एवढं सगळं सांगितल्याशिवाय सुटका नसे. स्वतः जेवायला बसले की मात्र बोलायचे नाहीत. घास सावकाश चावायचे, डोळे अर्धे मिटलेले. मी भराभर जेवून उठायला लागलो की म्हणायचे, "जरा थांब की. चावलास तर भाकरी गोड लागती." मला ते भाकरीचं नुसतं कौतुक वाटायचं. लाळेमुळे पिठाची साखर व्हायला तोंडातच सुरुवात होते, हे मला आणि दाजींना, दोघांनाही फार नंतर कळलं.

कळलं ते दुखण्यामुळे. मी नोकरीला लागून वाकडला राहायला गेलो होतो. एके दिवशी ताई म्हणाली की दाजी पानात अर्धी भाकरी टाकतात. आमच्या घरात ही बातमी ताप आल्यापेक्षा मोठी होती. खोदून विचारल्यावर कळलं की शौचाला रक्त पडतंय, आणि मूळव्याध असेल म्हणून दाजी कुणाकुणाच्या सांगण्यावरून काढे पीत बसले होते. तपासण्या झाल्या. आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, गुदाशयात, कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की गाठ फार खाली आहे, त्यामुळे तो भाग आणि गुदद्वार काढून टाकावं लागेल. मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणून शिवायचं, तिथे एक पिशवी लावायची, आणि शौच कायमचं त्या पिशवीत होणार. ताईने माझा हात घट्ट धरला. दाजींनी एकच विचारलं, "मॅडम, मला जेवता येईल का?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं पोटाचं प्लॅस्टिकचं मॉडेल पुढे ओढलं आणि दाजींच्या भाकरीचा घास कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवायला सुरुवात केली. तोंडातून अन्ननलिका, तिथे घास नुसता घरंगळत नाही, नळीच्या भिंती त्याला ढकलत खाली नेतात. मग जठर, तिथे आम्ल मिसळून सगळं घुसळलं जातं. खाली आलं की यकृतात तयार झालेलं पित्त येतं, स्वादुपिंडाचा रस येतो, आणि मग सहा-एक मीटर लांबीचं लहान आतडं. "अन्नातलं सत्त्व रक्तात जातं ते मुख्यतः इथे," त्या म्हणाल्या. "आणि हे तुमचं सगळं शाबूत आहे. मोठं आतडं पाणी शोषून घेतं, तेही बरंचसं राहणार आहे. आपण काढतोय तो शेवटचा, साठवणीचा भाग." दाजींनी ते गुंडाळलेलं प्लॅस्टिकचं आतडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "एवढं सगळं माझ्या पोटात हाय, आन मला माहीतच नव्हतं." आणि ऑपरेशनला तयार झाले.

ऑपरेशन चांगलं झालं. खरं संकट आलं ते नंतर. दाजी पोटाकडे बघेनात. पिशवी ताईच बदलायची. आतड्याचं ते टोक ओठाच्या आतल्या बाजूसारखं लालसर, ओलसर दिसतं, हात लागला तरी दुखत नाही, हे तिने आधी पाहिलं आणि मग मला सांगितलं. दाजी मात्र छताकडे डोळे लावून पडून राहायचे. आणि त्यांनी जेवण सोडलं. खाल्लंच नाही तर पिशवीत काही येणार नाही, असा त्यांचा हिशेब. मॅडमनी समजावलं की तुम्ही खा न खा, आतडं आपलं काम चालूच ठेवतं, उपासाने नुसती ताकद जाते. पण दाजी दोन घास घेत आणि ताट सारत. ज्या माणसाने मला चावायला शिकवलं, तो पेज बघून तोंड फिरवत होता. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडायची, आणि रडून झालं की पुन्हा काहीतरी नवीन करून आणायची.

घरी आल्यावर गावाकडची माणसं भेटायला आली. त्यांत दाजींच्या म्हाताऱ्या चुलतीही होत्या. सगळे गादीच्या कडेला मान खाली घालून बसलेले. आणि त्या शांततेत पिशवीतून मोठा आवाज आला. आतड्यातून वारा सुटला की तसा आवाज होतो, आणि तो दाबून धरायला तिथे स्नायू नसतो. दाजींनी चादर तोंडावर ओढली. मी खिडकीकडे बघायला लागलो. चुलती मात्र निवांत म्हणाल्या, "आतलं काम सुरू झालंय की रे तुझं. मग जेवायला काय झालंय?"

चादर हलायला लागली. आम्हाला वाटलं दाजी रडतायत. ताईने चादर बाजूला केली तर ते हसत होते… टाके दुखतात म्हणून पोटावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळेच हसलो. त्या हसण्यातच दाजींनी ताईला विचारलं, "शोभा, वरण हाय का?" ती धावतच आत गेली. गरम भात, वरण, वर तूप. दाजींनी डोळे अर्धे मिटून पहिला घास चावला आणि आम्ही बाकीचे परीक्षेचा निकाल बघावा तसे त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्यानंतरचे दाजी आणखीच मजेदार झाले. दर तपासणीला मॅडमना विचारायला एक प्रश्न घेऊन जायचे. जठरातलं आम्ल एवढं कडक, तर ते जठरालाच का खात नाही? माणूस उलटा टांगला तर पाणी पोटात जाईल का? मॅडम दवाखान्यात गर्दी असली तरी उत्तर द्यायच्या. मग कंपनीच्या बसमध्ये, काळेवाडीच्या नाक्यावर, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला, दाजी ते सगळ्यांना सांगायचे. जठराला आतून बुळबुळीत अस्तर असतं आणि ते सतत नवं होत राहतं. लहान आतडं आतून टर्किश टॉवेलासारखं असतं, बारीक बारीक लव, म्हणून तर ते एवढं शोषतं. ऐकता ऐकता माझ्या मुलीचा केक हातात तसाच राहायचा.

कामावर परत जाताना मात्र ते घाबरले होते. वास आला तर, पिशवी सुटली तर… पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये टेबलावरचे सगळे जास्तच गोड बोलायला लागले तेव्हा दाजींनी ताट ठेवलं आणि स्वतःच सगळं सांगून टाकलं, कुठून काय काढलं आणि कुठे काय लावलं. त्यांचा लाइनवरचा एक सोबती म्हणाला, "म्हणजे दिगूभाऊ, आता संडासच्या रांगेतून सुटलात राव तुम्ही." संध्याकाळी हे सांगताना दाजींचा चेहरा असा फुलला होता की बढती मिळाली असं वाटावं.

पुढे मॅडमनीच त्यांना विचारलं की नव्या पेशंटशी बोलायला याल का. दाजी सुट्टीच्या दिवशी जाऊ लागले. त्यांची पद्धत साधी होती. पेशंटसमोर खुर्ची घ्यायची, ताईने दिलेला डबा उघडायचा आणि गप्पा मारत जेवायचं. जेवून झालं की शर्ट वर करून पिशवी दाखवायची. बहुतेकांना तेवढं पुरायचं.

चाकणजवळच्या निघोज्याच्या कल्पनाला पुरलं नाही. तिशीतली बाई, लहान मुलगी, नवरा तिथल्याच एका कंपनीत. दाजींसारखीच गाठ. पण ती ऑपरेशनला नाही म्हणून बसली होती आणि दिवस चालले होते. त्या दिवशी मी दाजींना सोडायला गेलो होतो, म्हणून हे मी पाहिलं. पिशवीची तिला भीती नव्हती. ती म्हणाली, "माज्या हातचं कोन खाईल मग? सासूबाई चुलीपाशी तरी येऊ देतील व्हय?" नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्याने खाली पाहिलं. दाजींनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "जे पिशवीत असतं ते सगळ्यांच्याच पोटात असतंय, बाई. हात धुतले की हात स्वच्छ. आन कुणी खाल्लं नाही तर मी खातो की. घरी गेल्यावर पहिलं जेवण माझं, तुमच्याकडं. काय करताल, बोला."

कल्पनाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस आपली समजूत काढतोय की खरंच विचारतोय, हे ती जोखत असावी. दाजी खरंच विचारत होते. शेवटी ती म्हणाली, "मासवडी." दाजी म्हणाले, "मग ऑपरेशन लवकर उरका. मला मासवडी लई आवडती."

ऑपरेशन झालं, ती घरी आली, हिंडूफिरू लागली. सासूने खरंच तिला स्वयंपाकघरापासून लांब ठेवलं होतं. तिची जाऊच सगळा स्वयंपाक करायची. पण दाजींनी फोन करून येतोय म्हणून सांगितलं, आणि पाहुण्याला दिलेला शब्द मोडायला सासूही धजली नाही. मी, ताई आणि दाजी निघोज्याला गेलो. कल्पनाने एकटीने सगळं केलं होतं. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या बेसनाच्या मासवड्या, तिखट काळा रस्सा, बाजरीची भाकरी. पानं फक्त आमची मांडली होती. म्हाताऱ्या सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. दाजी जेवायला लागले आणि नेहमीसारखे गप्प झाले. भाकरी कुस्करून रस्सा घेतला, वडीचा तुकडा मोडला, डोळे अर्धे मिटले. पुन्हा रस्सा मागितला. पुन्हा वडी. ते जेवण बघताना कुणालाही भूक लागली असती… सासूबाईंनी फडताळातून स्वतःची थाळी काढली, दाजींच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मलाबी वाढ गं."

कल्पनाने घाईने पळीभर वाढलं. थोडा रस्सा थाळीबाहेर सांडला. दाजी मान वर न करता म्हातारीला म्हणाले, "सावकाश खा आई, तिखट हाय." परतताना गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. चाकण मागे पडल्यावर ताईला म्हणाले, "शोभा, मासवडी शिकून घे." एवढंच.

दाजी त्यानंतर बरीच वर्षं जगले. कर्करोग परत आला नाही. हृदय थकलंय, हे मात्र आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते गेल्यापासून ताई जेवत होती ती आमच्या समाधानापुरती. मागच्या रविवारी कल्पनाचा फोन आला. मॅडमकडे एक नवीन पेशंट आहेत, निवृत्त गृहस्थ, कुणाशी बोलत नाहीत. "मी जातीये, तुमीबी चला," ती ताईला म्हणाली. ताई आधी नको म्हणाली, मग साडी बदलून आली. दवाखान्यात कल्पना डबा घेऊन आत त्या गृहस्थांसमोर बसली. त्यांची बायको बाहेर बाकावर बसली होती, तिच्याशेजारी ताई. पिशवीचं भोक मापात कसं कापायचं, कातडी कोरडी कशी ठेवायची, हे ताई हातवारे करून सांगत होती. त्या बाईंनी आवाज खाली करून विचारलं की तुम्हाला किळस नाही का वाटली. ताई म्हणाली, "पहिल्यांदा वाटली की. नंतर पिशवी भरलेली दिसली की बरं वाटायचं. म्हणजे माणूस जेवलाय."

कल्पनाला निघोज्याच्या बसमध्ये बसवून दिलं आणि आम्ही काळेवाडीकडे निघालो. वाटेत ताई म्हणाली, "संजू, भूक लागलीये. थांबव कुठंतरी." रस्त्याकडेच्या मिसळीच्या दुकानात बसलो. मी तिला बघत नाही असं दाखवत होतो. तिने पाव मोडला, रश्श्यात बुडवला, सावकाश चावला. थोड्या वेळाने वाटी उचलून वाढणाऱ्या पोऱ्यापुढे धरली आणि म्हणाली, "अजून तर्री घाल रे."