अर्धं झाड माझं

"विळा माहीत आहे ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं आणि माझ्या केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनानं एक विळा काढला.

मला हसूच आलं. धानाच्या गावात वाढलेल्या पोरीला विळा माहीत आहे का म्हणून विचारतात! पण त्या हसत नव्हत्या. "तुझ्या रक्तातल्या लाल पेशी गोल राहत नाहीत. अशा वाकतात आणि कडक होतात. आजाराचं नाव सिकल सेल. तुझा पॅटर्न एसएस आहे, म्हणजे अर्धा दोष आईकडून आला, अर्धा वडिलांकडून. मुळातून बरा करणं इथे आपल्या हातात नाही, पण सांभाळता येतो."

आई माझ्या बाजूच्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे वात नाही?"

लहानपणापासून माझे हातपाय ठणकायचे आणि आमच्या घरी त्याला वात म्हणायचे. त्यावर औषध एकच, टोरीचं तेल. टोरी म्हणजे मोहाची बी. ते तेल गरम करून चोळायचं, वरून फडक्यानं शेकायचं. दोन-तीन दिवसांत दुखणं उतरायचं, मग मी पुन्हा उंडारायला मोकळी. इतकी वर्षं आई हेच करत आली होती, म्हणून तिला त्या विळ्याचा रागच आला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला सुचला तो एकच प्रश्न: "डॉक्टर, पोहता येईल ना?"

माझ्या मामाचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. सगळ्या सुट्ट्या मी त्या पाण्यात काढल्या. पोरांना मागे टाकायची मी, आणि टाकलं की वर चिडवायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थंड पाणी नको. थंडी, तहान, अती दमणं आणि ताप, यांनी पेशी वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि तिथे असह्य दुखतं. याला पेन क्रायसिस म्हणतात."

मी ढसाढसा रडले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "जिवाचं काही पडलं नाही पोरीले, पोहायचं पडलं हाय!" आणि मग तीही रडायला लागली, तिथेच, औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत.

हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी सुरू झाली. ती घेतली की पेशी कमी वाकतात, पण रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. ज्यांना नुकतंच कळलं असेल त्यांना सांगते, बरं वाटतं म्हणून ही गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका. मी एकदा सोडली आणि चांगलीच फळं भोगली.

आमच्या गावी, सौंदडला, घरातच शिलाई मशीन टाकली. ब्लाउज शिवायचे, गोळ्या घ्यायच्या, थंडीत खिडकी लावून बसायचं. मामाकडे गेले तर बांधावर बसून पाणी बघायचं. पंगतीच्या कडेला उपाशी बसवल्यासारखं वाटायचं, म्हणून मग जाणंच सोडलं. बाहेर हिंडणं हे आपल्या नशिबात नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मंगला भेटली ती गोंदियाच्या दवाखान्यात. क्रायसिस आला म्हणून मला भरती केलं होतं. सलाईन लावताना सिस्टर ओरडत होती, "अरे दीदी, हिलो मत ना!" आणि बाजूच्या खाटेवरून आवाज आला, "तुझा पाहुणा कुठं उतरला वं?"

"काय?"

"दुखणं वं. माझा तर कमरेत उतरून राहिला. हालून नाही राहिला मेला."

मंगलालाही सिकल सेल, एसएसच. सालेकशाच्या पुढे जंगलालगत तिचं गाव. माझ्याच वयाची. लग्न मोडलेलं, आईसोबत राहायची. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, चैतात मोह वेचायची. मी तिला म्हटलं, तुला डॉक्टरांनी बसून राहायला नाही सांगितलं? तर म्हणते, "तू बसून राहिली ना घरात? मंग तुझ्याकडं काऊन आला पाहुणा?"



तिचे नियम होते आणि ती मास्तरणीसारखी पाळायला लावायची. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. ऊन असलं तरी स्वेटर सोबत. दुपारचं चालायचं नाही. दम लागायच्या आधी बसायचं. आणि पाहुणा आला, तर लाजायचं नाही, तिथून सरळ दवाखाना. डॉक्टरबाईंना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी सांगते तेच आहे हे. फक्त माझं ऐकून तुम्ही घरात बसता आणि हिचं ऐकून बाहेर पडता."

मग मी तिच्याकडे जायला लागले. सौंदडहून गोंदियाची गाडी, तिथून सालेकशाची. आई स्टेशनपर्यंत बडबडत यायची. पावसाळा सरल्यावर आम्ही हाजरा फॉलला गेलो. लोक पाण्यात धिंगाणा घालत होते आणि आम्ही दोघी स्वेटर घालून खडकावर! एक पोरगा हसला, तर मंगला त्याला म्हणाली, "हस बाप्पा, तुझं रक्त गोल हाय." तिथून पुढे टेकडी चढलो. दर वळणावर बसत, घोटघोट पाणी पीत. धडधाकट माणसाला जो वेळ लागेल त्याच्या तिप्पट लागला असेल. वर पोहोचले तेव्हा मला खाली खेळण्यासारखी रेल्वे जाताना दिसली आणि मी तिला मिठी मारली. तळं गेल्यानंतर मला पहिल्यांदा माझं शरीर माझं वाटलं. पुढची दोन-अडीच वर्षं मी अशी जगले, आणि त्यांच्यावर मी अजून जगते आहे.

दवाखान्याच्या फेऱ्या चालूच होत्या. क्रायसिस येत होते, रक्त चढवावं लागत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. जंगलानं आजार बरा होत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या उजव्या खुब्यात दुखायला लागलं आणि ते उतरेना. एमआरआय झाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. खुब्याच्या हाडाला रक्त पोहोचत नाही, म्हणून तिथलं हाड मरतं आहे. आता डोंगर चढणं बंद. काठी वापरा. पुढेमागे सांधा बदलावा लागेल."

हाड मरतं आहे! एखादं खोड वाळलं म्हणावं तसं ते म्हणाले. घरी येऊन मी मशीनवर डोकं ठेवलं आणि मंगलाचा फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग ती स्वतःच आली, हातात बांबूची काठी घेऊन. वरचं टोक घासून गुळगुळीत केलेलं, माझ्या हाताच्या मापाचं.

"डोंगर बंद झाला," मी म्हटलं.

"झाला तर झाला. मोहाखाली कुठं डोंगर हाय? सपाट हाय सगळं. बसूनच वेचायचं असते. चैतात ये."

त्यांच्या गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. कागद नाही, काही नाही, पण कोणतं झाड कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक. ज्याचं झाड तो खालची पालापाचोळ्याची जागा झाडून काढतो, म्हणजे पहाटे पडलेली फुलं मातीवर स्वच्छ दिसतात. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. गाय-बकरी खाईल, पण माणूस हात लावणार नाही. मंगलाचं झाड नाल्याजवळ होतं, तिच्या आजीपासून चालत आलेलं.

"अर्धं झाड तुझं," ती म्हणाली. "मायले सांगून ठेवतो."

मी दिवस धरून बसले. चैत येऊ दे, बस. लोकांना हसू येईल, पण माझं सगळं हिंडणं आता त्या एका झाडाखाली येऊन थांबलं होतं.

मंगला पौषाच्या थंडीत गेली.

आधी सर्दी, मग ताप. एके दिवशी संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. तिच्या आईनं टोरीचं तेल गरम केलं, छाती चोळली, शेकली. नेहमीचंच दुखणं, नेहमीसारखं उतरेल. मंगलाही म्हणाली म्हणे, "पाहुणा हाय, जाईल सकाळी." सकाळी तिला श्वास घेता येईना. गाडी करून गोंदियाला नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

तिच्या आईला मी मावशी म्हणते. मावशीचा फोन आला. "मंगला नाही राहिली वं," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "तू औषध घेऊन राहिली ना?"

मला रडता येईना, इतका राग आला होता. मावशीचा नाही, मंगलाचा. मला नियम शिकवणारी बाई! दर क्रायसिसला मला दवाखान्यात पिटाळणारी! स्वतःच्या तापाला पाहुणा म्हणाली. मी भिंतीशी भांडले, तिच्या काठीशी भांडले. मग त्याच काठीला धरून रडले.

लोक काय म्हणायचे ते म्हणालेच. रानावनात हिंडली म्हणून गेली. माझी आईही म्हणाली, "एक गेली जंगलापायी. आता तू नाव काढू नको." मला वाटलं, खरंच असेल. कदाचित टेकडीवरच आम्ही तिचं आयुष्य खर्च करून आलो असू. हे मनात घेऊन मी झोपायची आणि हेच घेऊन उठायची.

पुढच्या तपासणीला आई सोबत होती. मी डॉक्टरबाईंना सरळच विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाही. फिरल्यानं नाही गेली. याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. फुप्फुसाच्या नसांमध्ये पेशी अडकतात, बहुतेक वेळा आधी जंतुसंसर्ग असतो. ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं की तासही घरी काढायचा नसतो. तिनं रात्र काढली."

आईनं पदर तोंडाला लावला.  तेलाची वाटी तिच्याही हातात किती वेळा होती, हे तिला आठवत असेल. पण मावशीला कोणी दोष द्यायचा नाही. हातापायांच्या दुखण्यात तेच तेल आम्हा सगळ्यांना आराम देत आलं आहे. त्या तेलानं, उतरेल म्हणून थांबायची सवय लावली, एवढंच.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी सिकल सेलचं माणूस असेल, तर हात ठणकला, पाय ठणकला, शेका. पण ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, तर तेल तापवत बसू नका. त्याच वेळी निघा. बाकी माझं लिहिलेलं सगळं विसरलात तरी चालेल.

चैत लागला. मी जायचं नाव काढलं नव्हतं, कोणत्या तोंडानं काढणार? मावशीचाच फोन आला. "फूल पडून राहिलं. येतं का नाही?"

आईनं पिशवी भरली. स्वेटर, गोळ्या, पाण्याच्या बाटल्या. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, ताप नाही ना, सपाट आहे ना, जाऊ द्या, असं त्या म्हणाल्या. स्टेशनवर आई या खेपेला बडबडली नाही. गाडी हलताना खिडकीतून माझा हात घट्ट धरला, एवढंच.

मुक्काम मावशीकडे केला. मंगलाची जागा रिकामी ठेवून आम्ही दोघी निजलो. पहाटे मावशी मला झाडाशी घेऊन गेली. काठी टेकत, थांबत. सगळीकडे मोहाचा तो गोड, जड वास होता. झाड दिसलं आणि मी थांबले.

अर्धी जागा लख्ख झाडलेली होती, फुलं मोत्यासारखी पडलेली. उरलेल्या अर्ध्या जागेत वाळला पाला तसाच, घोट्याएवढा. फुलं पाल्यात पडून वाया चालली होती.

"मावशी, हे काऊन सोडलं?"

"ते तुझं हाय," मावशी म्हणाली. "तिनं सांगतलं होतं. माझं मी झाडलं. तुझं मी कायले झाडू?"

किती दिवसांपासून ती फुलं तशी पडत असतील, कोणास ठाऊक. गावातल्या एकाही माणसानं त्यांना हात लावला नव्हता.

मी काठी खोडाला टेकवली. खुबा सांभाळत हळूच खाली बसले आणि हातानं पाला सारायला लागले. बसल्या बसल्या सरकत, थोडं थोडं. पाल्याखाली कालची, परवाची काळी पडलेली फुलं होती, वर आजची ओली. मी मोठ्यानं रडत होते आणि वेचत होते. मावशी तिच्या बाजूला वेचत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मी पुन्हा टेकडी चढणार नाही. चोरखमाऱ्याच्या पाण्यात उतरणार नाही. मंगला येणार नाही. पण दर चैतात मला जायला एक जागा आहे, आणि मी गेले नाही तर तिथे पाला तसाच राहील.

ऊन चढायला लागलं. माझी टोपली जेमतेम तळ झाकण्याइतकी भरली होती. मावशी उठून आली आणि तिनं बाटली माझ्यापुढे धरली.

"पाणी पे वं," ती म्हणाली. "तहान लागायच्या आधी."

मी प्यायले.