वाढत्या आंगाचं जॅकेट

ज्या दिवशी मी तांडा सोडला, त्या दिवशी माह्या आंगातल्या सदऱ्यात अजून एक मानूस आरामात बसला असता. याडीनं, म्हंजे माह्या मायनं, तो उमरखेडच्या बाजारातून आनलता. आपल्याकडं लेकराचा कपडा मापाचा कधी घेत नाहीत, वाढत्या आंगाचा घेतात. पन मी तवा लग्नाच्या वयाचा बाप्या, मिशी फुटून जुनी झालती. दुकानदारानं इचारलं असंल, लेकरू केवढं हाये, अन् तिनं हात दाखवून सांगतलं असंल, एवढं हाये, पन वाढनार हाये. स्टँडवर तिनं माह्या दोन्ही बाह्या दुमडून कोपरावर आनल्या. बापू, म्हंजे माहा बाप, बाजूले उभा होता. तो एवढंच बोलला, "वावर एकाचंच पोट भरते, अन् ते तुह्या भावाचं हाये. येजो, पन पाव्हना म्हनून येजो."

एसटी निघाली. मी हात हालवाले गेलो तं बाही सुटून खाली लोंबली. तांड्याले शेवटी माही बाहीच दिसली, हात नाही दिसला.

तुमी जे तांड्यात राह्यले, अन् जे पुन्याले, हैदराबादले, ऊसतोडीले निघून गेले, साऱ्यायसाठी हे ग्रुपवर बोलून राह्यलो. लिवता येत नाही म्हून बोलतो. शाळेत मी दोनच गोष्टी शिकलो, खिचडीची रांग अन् मांगच्या दाराची कडी. आता मी मालवनच्या बाजूले समुद्राच्या खाली पाव्हन्यायले मासे दाखवतो, म्हून तुमाले वाटते गडी लय मोठा झाला. कसा झालो ते ऐका, म्हंजे तेवढी इज्जत कमी होईल.

पह्यले मी रस्त्याच्या कामावर आलतो. मंग एका हाटेलात भांडे घासले. मंग डुबकीच्या दुकानात सिलिंडर उचलाले लागलो. पोहनं मले येत होतं. बापूनं मले विहिरीत ढकलून शिकवलतं, पाठीले सुका भोपळा बांधून. नंदूदादा म्हनून तिथला शिकवनारा होता, मालवनीच मानूस. त्यानं पाह्यलं का ह्या बैलाले पानी चालते. तो मले धडे देऊ लागला.

आता ते जॅकेट म्हंजे काय ते सांगतो. इथं त्याले बीसीडी म्हनतात. ते थंडीचं जॅकेट नाही. मांगून त्याले सिलिंडर बांधतात अन् आत हवेची पिशवी असते. एक बटन दाबलं का सिलिंडरातली हवा त्यात भरते, मानूस वर येते. दुसरं दाबलं का हवा सुटते, मानूस खाली जाते. बरोबर जमलं तं ना वर ना खाली, पान्यात जागच्या जागी लटकून राह्यते. तेच शिकाचं असते. रेतीच्या वर हातभर लटकाचं. रेतीले शिवलं तं नापास, वर गेलं तं नापास.

पावसाळा तोंडावर आलता. पावसात समुद्राचं काम बंद होते. मालकानं सांगून टाकलं का ज्याले लटकता येईल त्यालेच पावसानंतर बोलावीन, बाकीच्यायनं आपापलं घर पाहा. मी कोनतं घर पाहू? पाव्हना दोन दिवसांचा असते बाप्पा. चार महिने पाव्हना म्हनून कोनाच्या ओसरीवर बसू?

नंदूदादा म्हने, खुंटीवरच्या जॅकेटातलं आपल्या मापाचं एक घे, यापुढं तेच तुहं. मी साऱ्यात मोठं उचललं. एक तं याडीची शिकवन, वाढत्या आंगाचं घ्यावं. दुसरं म्हंजे माहा हिशोब, भोपळा जेवढा मोठा तेवढा मानूस पक्का. आरशात पाह्यलं तं मले मी इन्स्पेक्टरावानी दिसलो. नंदूदादानं घेऊ दिलं. तो मास्तर असा का आधी पडू देते अन् मंग सांगते.

पान्यात उतरलो अन् हवा भरली, तं जॅकेट वर गेलं, मी खालीच. खांदे कानापाशी आले, गळपट्टा नाकाशी. सिलिंडर पाठीवरून घसरून काखेत आलं अन् त्याच्या वजनानं मी पालथा झालो. रेतीले शिवलो, वर गेलो, पुन्हा रेतीले शिवलो. एकाच डुबकीत दोन्हीकडून नापास. समुद्राचं पानी एवढं पेलो का आठ दिवस भाजीत मीठ नाही लागलं. बोटीवर ओढून घेतलं तवा नंदूदादा म्हने, "झिला, तुका जॅकेट व्हया की तंबू?"

बोटीवरचे सारे हासले. मीबी हासलो, सगळ्यात जोरात. हासता हासता डोळे पुसले, खाऱ्या पान्यात ते कोनाले समजत नाही, एवढा फायदा. नंदूदादाले समजलं असंल. तो म्हने, उद्या एक डाव अजून, पन जॅकेट तूच निवड. मी नाही सांगनार.

संध्याकाळी मी खुंट्यायपुढं बसलो. एकेक जॅकेट घालावं, काढावं. सारेच बरे वाटत, कारन उभ्यानं आंगात घातलेलं कोनतंबी जॅकेट बरंच वाटते. मंग बापू आठवला. आपले पनजे बैलायच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरत, हे तुमाले ठाऊक हाये. बापूच्या वाट्याले त्यातलं एक जुनं पालान आलतं, बैलाच्या पाठीवर भार बसवाची गादी. त्याच्यावर तो कापसाचे गाठोडे लादे. पट्टा आवळाच्या आधी थांबे. मी घाई केली का म्हने, "थांब. बैलाले दम भरून घेऊ दे, मंग आवळ." आवळलं का भाराले खांद्यानं धक्का दे. "भार हालला अन् बैल नाही हालला, तं सोड अन् पुन्हा बांध. दोघं संगंच हालले पाह्यजेत."

मी सदरा निवडत होतो. निवडाचं होतं पालान. अन् बैल मीच होतो, जे शाळेतले मास्तर मले लहानपनापासून सांगत होते.

मी भरलेलं सिलिंडर लावलं. जॅकेटात हवा पुरी भरली, छाती फुगवली, मंग पट्टे आवळले. दम घेता आला पाह्यजे. मंग भिंतीले पाठ धडकवली. मोठं जॅकेट हाललं, मी नाही. त्याच्याहून बारकंबी हाललं. शेवटी एक उरलं, उन्हानं उडलेल्या रंगाचं. ते अन् मी संगंच हाललो. मले थोडी लाज वाटली. एवढासाच हाये का मी?

दुसऱ्या दिवशी खाली गेलो. थोडी हवा भरली. दम घेतला का बोटभर वर, सोडला का बोटभर खाली. अन् मंग लटकलो. रेतीवर माही सावली थिर झाली. पाठीवरचा भार कुठं संपते अन् मी कुठं सुरू होतो ते समजत नव्हतं. वाटलं बापूनं मांगून खांद्यानं धक्का दिला अन् मान हालवली. पनज्यायनं ह्याच समुद्राचं मीठ तांड्यात नेलं असंल. मी ते परत कराले आलतो, पोटातून.

पावसानंतर मले बोलावलं. तवापासून इथंच हावो. बापू गेला त्या दिवशी मी पान्याखाली होतो. वर आलो तं मोबाईल वाजून वाजून गप झालता. मातीले पोचलो नाही. तुमी पोचले, तुमचे उपकार.

गेल्या थंडीत आलतो तवा याडीसाठी सुटर आनलं. इथं मी दिवसभर लोकायले जॅकेट मापून देतो, ढिलं असलं तं परत घेतो. अन् तिचं सुटर घेताना हातानं मोठंच उचललं. तिनं घातलं तं बोटं दिसेनात. म्हने, "मी आता वाढून राह्यली का रे? घटून राह्यली." मी म्हनलं बदलून आनतो. तिनं बदलू दिलं नाही. मी तिच्या बाह्या दुमडल्या, कोपरापर्यंत. तिचा हात तवा हातात आला. त्याच्याहून बापूच्या वावरातल्या कापसाच्या पऱ्हाटीची काडी जड असंल.

निघताना तिनं माह्यासाठी आनलेला नवा सदरा काढला. त्यात अजून एक मानूस आरामात बसते. मी घालूनच एसटीत चढलो. दुनियेत सगळीकडं मी आता मापाचा हावो, समुद्रातबी. फक्त तिच्या इथं माहं आंग अजून वाढनार हाये. मले तेच घर वाटते.

माही अर्धी मिशी पांढरी झाली, पन तिची नजर आता अधू झाली, तिले ते दिसत नाही. तुमी तांड्यात राह्यता, रोज तिच्या ओसरीवरून जाता. तिले कोनी सांगू नका.