आप्पांची शेवभाजी आणि गल्लीभर ठसका

एका रविवारी सकाळी मी आमची सबंध गल्ली घराबाहेर काढली. वास्तविक मी अत्यंत भिडस्त मनुष्य आहे. (शेजाऱ्याची कडी वाजवण्यापूर्वी मी ती मनातल्या मनात एकदा वाजवून पाहतो!)

या प्रकाराचे मूळ आमच्या म्हसावदच्या स्टँडसमोरील नानांचे हॉटेल बंद पडण्यात होते. नानांचे गुडघे थकले, मुलगा सुरतेला गेला आणि शटर खाली आले. माझे वडील, आप्पा, दर रविवारी तेथे शेवभाजी खात. त्यातच त्यांना ताप आला. ताप उतरला, परंतु अन्नावरची वासना गेली ती गेलीच. "पोटात काही गेले नाही, तर सलाईन लावावी लागेल," असे डॉक्टरांनी बजावले.

पत्नीने घरी शेवभाजी केली. आप्पांनी ताट सरकवले.

"हाई शेवभाजी नही शे."

"मंग काय शे, आप्पा?"

"शेवेचं पानी शे!"

तेव्हा मी प्रथमच आयुष्यात पुढाकार घेतला. "आज भाजी मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" पत्नी म्हणाली. "तुम्हले गॅस तरी पेटाडता येस का?"

मी गॅस पेटवलाच नाही. नानांकडे कांदा-खोबरे निखाऱ्यावर भाजत, एवढे मला ठाऊक होते. मी कोळशाची शेगडी स्वयंपाकघरात आणली आणि आपण शेगडीला वारा घालताना कोणी पाहू नये, म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या. (इथेच घात झाला.) खोबरे भाजत आले, कांदा काळवंडला आणि तेवढ्यात सुक्या मिरच्यांची सबंध परडी निखाऱ्यांवर उपडी झाली!

पुढचे मला दिसले नाही. चाचपडत मी भिंतीवरील पंखा सुरू केला. तो धूर बाहेर फेकतो, हे मला माहीत होते. बाहेर म्हणजे गल्लीत, हे ध्यानात आले नाही.

प्रथम समोरच्या मावशी पदर नाकाला लावून बाहेर आल्या. "कोन मिरच्या जाळी ऱ्हायनं रे? मारी टाकशी का आम्हले?" पाठोपाठ घराघरांतून माणसे खोकत ओट्यांवर आली. क्षमा मागावी म्हणून मी दार उघडले, तोंडही उघडले. परंतु दारातून धूर आणि तोंडातून खोकला, याखेरीज काहीच बाहेर पडले नाही.

इतक्यात काठी टेकत खुद्द नाना आले! ते मागच्याच गल्लीत राहतात. पत्नीने मोठ्या आशेने त्यांच्या हाती पळी दिली. नाना संकोचले.

"माले काय समजस, वहिनी? मी तं गल्लावर बसू. भाजी आचारी करे. तो बी पोऱ्यासंगे गया सुरतले!"

झाले! अखेर त्याच करपलेल्या मसाल्याची भाजी आप्पांपुढे ठेवण्यात आली. आप्पांनी ताट सरकवले. पत्नीचा चेहरा उतरला. मीही दवाखान्यात न्यायची पिशवी शोधू लागलो.

नानांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते दाराजवळच्या खुर्चीत टेकले. समोर ताटावर बसलेले आप्पा, मागे दारात ताटकळलेली गल्ली. इतक्या वर्षांची सवय नानांच्या तोंडून आपोआप गरजली:

"आप्पा, आवरा लवकर! मांगे गिऱ्हाईक उभं शे!"

आप्पा ताठ बसले. त्यांनी ताट पुढे ओढले.

"थांब रे! मन्हं जेवन व्हयनं नही आजून. रस्सा आन!"

आप्पांनी भाकरी चुरली आणि वर आणखी एक मागून घेतली. पत्नीने डोळे पुसले. (धूर अद्याप होताच.)

आता दर रविवारी नाना आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि आप्पांवर खेकसतात. भाजी पत्नी करते; मला शेगडीच्या आसपास मज्जाव आहे. शेजारी आपापल्या भाकऱ्या घेऊन येतात. आप्पांच्या गालांवर मांस धरू लागले आहे आणि नाना शटरला रंग देण्याची भाषा बोलू लागले आहेत.

गेल्या रविवारी मला फार भूक लागली होती. मी आप्पांशेजारी बसणार, तोच नाना ओरडले, "भाऊ, जागा नही शे! बाहेर थांबा!"

"हरकत नाही," असे पुटपुटून मी माझ्याच घराच्या पायरीवर रांगेत उभा राहिलो. पुढे शेजाऱ्यांकडचे एक पाहुणे होते. त्यांनी आपुलकीने विचारले, "तुम्ही आठलाच शेतस, का बाहेरगावना?"

आता घरमालक म्हणून ओळख सांगायची, तर त्यांना वाटायचे, मी मध्ये घुसतो आहे. भिडेपोटी मी बाहेरगावचा असल्याचे सांगून टाकले!