मास्तरांना दिलेली खोटी उत्तरं

मास्तरांच्या आखाड्यात कुणी योग शिकायला गेलं, की ते लगेच आसन दाखवत नसत. आधी विचारत. झोप किती लागते, भूक कधी लागते, दिवसभर बसून असता की उभे, श्वास घेताना अडतो की सोडताना. मग जीभ बघत, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवत आणि मग सांगत, तुम्हाला अमुक करायचं. शेजारच्या माणसाला हमखास दुसरंच काही. सगळ्यांना एकच योग लागू पडत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या या प्रश्नांना मी खोटी उत्तरं दिली होती, आणि ते मी कित्येक वर्षं कुणाजवळ बोललो नाही.

तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदा म्हणायचो, आणि जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. मी जंगलखात्याच्या एका लाकूड डेपोत बाबू होतो. दिवसभर खुर्ची, प्रकृती ठणठणीत. दमा होता तो माझ्या बायकोला. वैद्य झाले, सरकारी दवाखाना झाला. कुणीतरी म्हणालं, मास्तरांचा योग करून बघा. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर.

आखाड्यात पाच-सहा पैलवान तेल चोळत बसले होते. त्यांच्यासमोर बायकोचं दुखणं सांगायचं मला जमेना. मास्तरांनी विचारलं, "कोणाले तरास हाय, बाबू?"

"मले," मी म्हणालो.

पुढचं सगळं त्या एका शब्दावर गेलं. दमा माझाच म्हणून सांगितला आणि बाकीच्या प्रश्नांना मनाला येईल ते ठोकून दिलं. त्यांनी माझी जीभ पाहिली. पोटावर चापट मारून म्हणाले, "हे तं खुर्चीचं पोट हाय! तुमाले जोराचा योग पायजे." पैलवान हसले. मला पहाटे गार पाण्यानं आंघोळ, मग सूर्यनमस्कार आणि भस्त्रिका सांगितली. भस्त्रिका म्हणजे लोहाराच्या भात्यासारखा श्वास जोरानं आत-बाहेर करायचा. ते मी नीट शिकलो आणि घरी येऊन जसंच्या तसं बायकोला करायला लावलं.

स्वयंपाकघराचं दार लावून, लुगड्याचा काचा मारून ती ते करायची. मी बाजूला उभा राहून मोजायचा. चौथ्या दिवशी म्हणाली, "मले नाई जमून राह्यलं. छातीत कसंतरी होते."

"मन लावत नाहीस," मी म्हणालो. "आळस आहे अंगात."

आळस! पहाटे उठून धान कांडणाऱ्या बाईला मी हे म्हणालो. पुढचे पंधरा दिवस तिनं मन लावून केलं.

धान कापणीच्या दिवसांतली ती सकाळ होती, थंडी पडायला लागली होती. भस्त्रिका करता करता ती मध्येच थांबली आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून बसली. ओठ काळेनिळे. श्वास अडकला. मी तोपर्यंत अठ्ठावीसवर आलो होतो, आणि मला आठवतं, मी एकोणतीस म्हणालोसुद्धा. तास-दीड तासानं ती सावरली. भिंतीला टेकून डोळे मिटून बसली, तेव्हा मी तसाच आखाड्याकडे निघालो.

मास्तर एकटेच माती भुसभुशीत करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी फावडं टेकवलं.

"म्हंजे पोट तुमचं, अन् दमा बाईचा?"

"हो."

"आता तरी बराबर सांगा. दम कवा उठते, सकाळी का सांजी?"

मला सांगता येईना.

"घेतांना अडकते का सोडतांना?"

तेही मला ठाऊक नव्हतं.

"लग्नाले किती वर्सं झाले?"

"बारा."

"बाप्पा!" ते म्हणाले. "घरी जा. आठ दिवस तिले काई करू देऊ नका. नुसतं पाहा. मंग या."

मी पाहिलं. बायकोकडे इतका वेळ मी कधीच पाहिलं नव्हतं. दम सकाळीच उठायचा, चूल पेटवल्यावर. डेपोतून फुकट मिळते म्हणून सागाची ओली साल मीच जळणाला आणायचो, तिचा धूर घरभर कोंडायचा. धान पाखडताना भुशानं वाढायचा. अडायचा तो श्वास सोडताना. आणि तो वाढला, की ती आपणहून उंबऱ्यावर बसायची, कोपरं गुडघ्यांवर टेकायची आणि ओठ मिटून हळू गुणगुणत श्वास सोडायची. कुणी शिकवलेलं नव्हतं. आजवर मला वाटायचं, काम टाकून गाणं म्हणत बसते.

मास्तरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तिचा योग तिनंच धुंडला हाय. आपण त्याच्यात दखल नाई द्यायची. तेच रोज करा म्हणा, जेवाच्या आधी, हळूहळू. घ्यायपेक्षा सोडाले दुप्पट येळ. आंघोळीले गरम पाणी. अन् ते साल फेका."

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा तिनं साहजिकच विचारलं, "मंग आधी ते भात्याचं काऊन सांगतलं होतं त्याईनं?"

"मास्तरांचं चुकलं," मी म्हणालो.

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण परतही घेतलं नाही.

तिला उतार पडला. हळूहळू, महिन्यांनी, पण पडला. धानाच्या रोवणीला पुन्हा माहेरच्या बांधीत, गुडघाभर चिखलात उतरली. मास्तरांवरचा राग मात्र गेला नाही. संक्रांतीला साऱ्या गल्लीत तिळगूळ जायचा, त्यांच्या घरी नाही. एकदा आठवडी बाजारात ते समोर आले, तर चारचौघांत तिनं विचारलं, "काय मास्तर, आता कोणाच्या बायकोले भाता फुकाले लावता?"

मी बाजूला थैली धरून उभा होतो. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "चुकते बाई, माणूस." आणि कांदे निवडायला लागले.

त्यानंतर मी आखाड्याची वाट सोडली. डेपोत जायला लांबचा रस्ता धरला.

गेल्या आठवड्यात सकाळी ती उंबऱ्यावर तिचा योग करत बसली होती. मास्तर फार थकलेत, अंथरुणाला खिळलेत, असं आदल्या दिवशी ऐकलं होतं. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तिनं चालू असलेला श्वास पूर्ण सोडला, मग डोळे उघडले.

"बाजारात मी त्याईले बोलली, तवा तुमी तिथीच होते."

"होतो."

"काईच नाई बोलले."

"नाही."

ती उठली. पदर सारखा केला. "चला. त्याईच्या तोंडावर सांगा. माह्यासमोर."

मी सांगितलं. मास्तर खाटेवर उठून बसायला धडपडले, सुनेला चहा टाक म्हणाले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या बाई. लय जुनी गोष्ट झाली."

"तुमच्यासाठी जुनी असन, मास्तर," ती म्हणाली. "मले आज सकाळीच समजली."