जाळीची वाटी

‘‘प्या की गुरुजी. माझ्या हातचं हाय.’’

कप पुढे करताना अक्का एवढेच म्हणत, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत बशी सोडत नसत. कप माझ्या हातात, बशी त्यांच्या हातात आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर, अशा अवस्थेत कॉफी पिण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणावर आला असेल, तर त्याला ती अवघडलेली गोडी समजेल. मी ‘‘छान झाली आहे’’ म्हटले की बशी माझ्याकडे येई. मग त्या आत वळत, कॉफीच्या यंत्रातून जाळीची लहानशी स्टीलची वाटी काढत आणि गॅलरीतल्या बेलाच्या कुंडीच्या काठावर ती उपडी आपटत. टक्क असा आवाज होई आणि कॉफीचा ओला चोथा कुंडीत पडे. पूजा आटोपून थकलेल्या माझ्या देहाची सकाळ त्या आवाजाने सुरू होई.

अक्का आमच्या समोरच्या दारात राहत. माहेर कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे, त्यामुळे कानडी आणि मराठी त्यांच्या तोंडात एकाच पंक्तीला जेवत. यजमानांचा चादरींचा व्यापार होता. ते जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगा आणि सून पुण्यात. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून माझे जिने चढणे-उतरणे जवळजवळ थांबले होते. आमच्या दारापासून अक्कांच्या दारापर्यंत, एवढेच माझे प्रभातभ्रमण. मी दिसलो की आतून ‘या, बसा’ अशी कानडी हाक येई, ‘‘बर्री, बर्री! कूड्री.’’ आणि माझ्यासाठी वेताची खुर्ची पुढे सरके.

माझ्याविषयी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि खोटे बोलायचे नाही हे व्रत पाळले. त्याचा त्रास सर्वांत अधिक माझ्या पत्नीला झाला. ‘‘तुम्ही पानावर बसलात की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं,’’ असे ती म्हणते. आमटीत मीठ कमी असले तर मी कमी आहे असेच सांगतो. अक्कांना हे ठाऊक होते. त्यामुळे माझे ‘‘छान झाली आहे’’ हे त्यांना प्रमाणपत्रासारखे वाटे.

या यंत्राची कथा शेगडीपासून सुरू होते. अक्कांनी एकदा दूध तापत ठेवले आणि त्या इष्टलिंगाच्या पूजेला बसल्या. पूजा यथासांग झाली. पातेल्याचा कोळसा झाला. पुढे एकदा ज्योत विझली आणि बटण सुरूच राहिले. गॅसचा वास आमच्या देवघरापर्यंत आला. त्यानंतर मुलगा पुण्याहून आला आणि शेगडी व सिलिंडर दोन्ही काढून घेऊन गेला. दोन्ही वेळच्या जेवणाचा डबा लावून दिला.

‘‘आई, आता आणखी काही झालं, तर मी तुला घेऊन जाणार,’’ तो म्हणाला. ‘‘मग मी ऐकणार नाही.’’

‘‘ने की. मढं झाल्यावर ने,’’ अक्का म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवले.

जिन्यात त्याने माझा हात धरला. ‘‘गुरुजी, तुम्ही समोर आहात. काही वेगळं दिसलं तर मला सांगा. तुम्ही खोटं बोलणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय.’’ मुलगा वाईट नव्हता. तोही थकलेला होता. मी मान हलवली.

शेगडी होती त्या जागी ओट्यावर तिच्या पायांचे काळे ठसे राहिले होते. त्या ठशांवर मुलाने कॉफीचे यंत्र आणून ठेवले. एका वेळी एक कप देणारे. सोबत बंद टोपणांची पेटी. प्रत्येक टोपणात एका कपापुरती कॉफी सीलबंद. टोपण आत ठेवायचे, बटण दाबायचे, कप भरला की टोपण फेकून द्यायचे. आग नाही, विसरण्यासारखे काही नाही.

अक्कांनी त्या यंत्राची कॉफी मला पहिल्यांदा दिली तेव्हा बशी लगेच सोडली. ‘‘घ्या. मशिनीचं हाय.’’

‘‘कडू आहे,’’ मी म्हणालो.

‘‘आसंना. ह्यात माझा हात कुटं हाय? कुणी भरलं, कवा भरलं, देव जाणे. मी निस्तं बटण दाबलं.’’ आणि हातातल्या रिकाम्या टोपणाकडे पाहत म्हणाल्या, ‘‘आणि हे बगा, एकदा वापरलं की कचऱ्यात. आमच्यासारकंच की.’’

त्या हसल्या. मला हसता आले नाही. ज्या बाईने दारात आलेल्या माणसाला काही पोटात गेल्याशिवाय कधी सोडले नाही, तिला आपल्याच घरात पाहुण्यासारखे वावरावे लागत होते. डबेवालीचा डबा उघडून खाणे आणि धुऊन परत देणे, एवढाच संसार उरला होता.

त्यांच्या सुनेला हे कसे कळले, ते मला माहीत नाही. सासू-सुनेचे फोनवरचे बोलणे ‘जेवलात का’ आणि ‘जेवले’ यापलीकडे जात नसे. पण एके दिवशी सुनेकडून एक लहान खोके आले. त्यात त्या टोपणाच्याच आकाराची स्टीलची वाटी होती. तळाला आणि कडेला बारीक जाळी, वर झाकण. आपल्याला हवी ती पूड तिच्यात भरायची, टोपणाच्या जागी ठेवायची, कॉफी झाली की चोथा काढून वाटी धुवायची आणि पुन्हा वापरायची. अक्कांनी ती उजेडाकडे धरून जाळीतून माझ्याकडे पाहिले.

‘‘पोरीला अक्कल हाय म्हणायची,’’ त्या म्हणाल्या. सुनेची स्तुती मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकली नव्हती.

पहिला प्रयोग फसला. अक्कांनी पेठेतून चिकोरी घातलेली त्यांची नेहमीची पूड आणवली आणि वाटी काठोकाठ भरून अंगठ्याने दाबून बसवली. पिठासारख्या बारीक पुडीने जाळी गच्च झाली. पाण्याला वाट मिळेना, म्हणून ते झाकणावरून उसळून ओटाभर पसरले, आणि कपात आला तो गाळ.

‘‘अय्यो, पेटलं का काय वो!’’ त्या ओरडल्या.

‘‘पेटले नाही. सांडले आहे,’’ मी म्हणालो आणि प्लग काढला.

ओटा पुसताना त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘हे पुण्याला सांगणार काय?’’

‘‘कॉफी सांडली, हे सांगण्यासारखे नाही. माझ्या घरी रोज सांडते.’’

पुढच्या वेळी त्यांनी पूड रव्यासारखी जाडसर दळून आणवली. वाटी भरताना वर थोडी जागा सोडायची, दाबायचे नाही, हेही जमले. दूध आमच्या घरून तापवून थर्मासमधून जाऊ लागले. आमच्या बोअरच्या पाण्याने यंत्राच्या पोटात पांढरा थर धरे. मग त्या लिंबू पिळलेले पाणी त्यातून सोडत आणि म्हणत, ‘‘हिलाबी पित्त झालंय.’’ आणि एका सकाळी पुन्हा बशी त्यांच्या हातात अडकून राहिली. ‘‘प्या की गुरुजी. माझ्या हातचं हाय.’’ कॉफी दाट होती, किंचित जास्त गोड होती. पण खरोखर छान होती, आणि मी तसे म्हणालो.

एकदा त्यांनी मला शास्त्रार्थ विचारला. ‘‘मशिनीची कॉफी महादेवाला चालती काय वो?’’

मी विचाराला वेळ मागितला. पत्नी म्हणाली, ‘‘हो म्हणून टाका की.’’ पण असे हो म्हणून टाकणे मला साधत नाही. शेवटी मी सांगितले, की पळी, ताम्हण, निरांजन ही सारी घासून पुन्हा पुन्हा वापरण्याची उपकरणे आहेत. तुमची वाटी त्या जातीची आहे. आपल्या हाताने भरली, आपल्या हाताने धुतली, तर मला बाध दिसत नाही.

‘‘मग टोपणं माणसाला, वाटी देवाला,’’ असा निर्णय देऊन त्या हसल्या. तेव्हापासून पहिला कप इष्टलिंगापुढे ठेवला जाई आणि तोच मग प्रसाद म्हणून मला मिळे.

असे काही काळ चालले. मग त्या उन्हाळ्यात, ज्या दिवसांत आमच्या भिंती संध्याकाळीही हाताला चटका देतात, मी एका सकाळी पहिला घोट घेतला. कपात पांढरट, गोड, ऊन पाणी होते. दूध होते, साखर होती; कॉफी नव्हती. अक्का वाटीत पूड घालायला विसरल्या होत्या.

बशी त्यांच्या हातात होती. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

‘‘गरम आहे,’’ मी म्हणालो.

बशी सुटायला थोडा वेळ लागला. मी ते तीर्थ घ्यावे तसे संपवले. त्यांनी वाटी काढली आणि कुंडीवर आपटली. टक्क झाले. काही पडले नाही. त्या तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग वाटीच्या आतून एक बोट फिरवून त्यांनी ते पाहिले. मी खुर्चीतून उठलो आणि घरी आलो.

पुढच्या दिवशी कॉफी ठीक होती. काही दिवसांनी पुन्हा दूधपाणी मिळाले. मग तेच वारंवार होऊ लागले. ज्या दिवशी कॉफी असे त्या दिवशी मी ‘‘छान झाली आहे’’ म्हणे, नसे त्या दिवशी ‘‘गरम आहे’’ म्हणे. दोन्ही वाक्ये खरी होती.

रविवारी मुलाचा फोन आला. मला कमी ऐकू येते, म्हणून माझा फोन मोठ्या आवाजावर असतो आणि बोलणे समोरच्या घरापर्यंत ऐकू जाते.

‘‘आई कशी आहे, गुरुजी? काही वेगळं वाटतंय का?’’

‘‘रोज सकाळी मला बोलावतात. स्वतःच्या हाताने कप देतात. ओटा स्वच्छ असतो,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणजे ठीक आहे ना?’’

‘‘आज सकाळी माझ्याशी खूप बोलल्या,’’ मी म्हणालो. ते खरे होते. फोन ठेवला तेव्हा, शब्द इतके तोलून वापरण्याचा मला विलक्षण शीण आला होता. समोरचे दार अर्धे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला हाक मारली नाही. मी आपणच गेलो. खुर्ची पुढे होती, कप नव्हता. वाटी घासून ओट्यावर उपडी घातलेली होती.

‘‘लई जपून बोलता की, गुरुजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढं शिकल्याचं चीज झालं बगा.’’

मी खुर्चीत बसलो.

‘‘छान झाली, आसं रोज म्हणायचा. त्या दिशी म्हणाला, गरम हाय. तवाच वळखलं मी. दुसरा कुणी आसता तर छान म्हणून मोकळा झाला आसता, आणि मलाबी कळलं नसतं.’’ मग त्यांना हसू आले. ‘‘महादेवानं गप पेलं, तुमीबी गप पेलं. दोगं सारकेच!’’

‘‘अक्का, कॉफीच तर आहे. पूड मी आठवण करून देत जाईन.’’

‘‘आज पूड. उद्या दार लावायचं. परवा तुमाला वळखायचं.’’ त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. ‘‘मला हितंच ऱ्हायाचंय, गुरुजी. लई ऱ्हायाचंय. पर माज्यापायी तुमाला अशी वाकडी वाट धराय लागती, ते मला बगवत न्हाय. जल्माचं व्रत हाय तुमचं. कालचं तुमचं बोलणं ऐकून माझंच तोंड कडू झालं.’’

‘‘मी खोटे बोललो नाही,’’ मी म्हणालो.

‘‘व्हय. पर किती दमला!’’

त्यांनी माझ्यासमोर मुलाला फोन लावला. इकडचे-तिकडचे काही न बोलता म्हणाल्या, ‘‘ने मला. आणि मशीनबी ने.’’ तो गाडी घेऊन आला.

गाडीत बसताना त्यांनी यंत्र डिकीत ठेवू दिले; वाटी मात्र हातातल्या पिशवीत विभूतीच्या डबीशेजारी ठेवली. बेलाची कुंडी आमच्या गॅलरीत आली. ‘‘ह्याला चोथ्याची सवय हाय. तुमच्यात च्याचा घाला,’’ एवढे त्यांनी माझ्या पत्नीला बजावले.

पुण्याहून अधूनमधून सुनेचा फोन येई. एकदा ती म्हणाली, ‘‘गुरुजी, आई आता रोज दूधपाणीच देतात. वाटी रिकामीच असते. पण देवापुढं ठेवतात, मग आम्हाला देतात, आणि बशी सोडत नाहीत.’’

‘‘मग तुम्ही काय म्हणता?’’

‘‘छान झाली म्हणतो. चुकतं का हो?’’

माझे सारे अध्ययन मी त्या क्षणी मनात चाळून पाहिले. ‘‘चुकत नाही, बाळ,’’ मी म्हणालो. ‘‘तसेच म्हणत जा.’’

तिने आणखी एक सांगितले. दुसरे कोणी आठवले नाही तरी कप भरला की अक्का विचारत, ‘‘गुरुजींना दिली काय?’’

यंदाच्या थंडीत अक्का गेल्या, त्यांच्या भाषेत लिंगैक्य झाल्या. मला प्रवास झेपला नाही. बेल मात्र उंच झाला आहे. कुंडीच्या काठावर, वाटी जेथे आपटत असे तेथे, एक टवका उडालेला आहे. सोमवारी पाने खुडताना माझे बोट आपोआप तेथे जाते.

काल पूजा आटोपून बाहेर आलो. पत्नीने चहाचा कप पुढे केला आणि बशी सरळ करण्यासाठी ती क्षणभर तशीच धरून राहिली.

‘‘छान झाला आहे,’’ मी म्हणालो.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ‘‘अहो, अजून तोंडाला कुठं लावलाय!’’